शिक्षकाचा डिजिटल पोर्टफोलिओ: कसा घडवावा, कसा जपावा

डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे शिक्षकाने आपल्या कामाचा आणि त्यावरील चिंतनाचा संगणकावर जपलेला संग्रह, म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रमाणपत्रांची रांग, कार्यशाळेच्या समारोपाचे सामूहिक छायाचित्र आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांतला एखादा सुविचार उभा राहतो. छात्राध्यापकांचे असे पोर्टफोलिओ वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून एवढे मात्र निःसंकोच सांगतो की ज्या पोर्टफोलिओत एकही फसलेला पाठ नाही, त्यावरून तो शिक्षक कसा शिकवतो याचा थांगपत्ता लागत नाही. पाठ फसला, मुलांच्या वहीतून ते शिक्षकाला कळले, त्याने काहीतरी बदलून तोच घटक पुन्हा शिकवला आणि दुसऱ्या खेपेला काय झाले हेही नोंदवले, अशी एक साखळी जरी पूर्ण सापडली तरी तो पोर्टफोलिओ वाचण्याजोगा होतो. ही साखळी कशी जोडावी आणि ती जोडताना तांत्रिक बाबतीत कोठे फसगत होते, हे गोव्यातील छात्राध्यापक आणि सेवेतील शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून येथे मांडले आहे.

दोन जागा: कोठी आणि ओसरी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील इंटर्नशिप २० आठवड्यांची ठरवली. साधारणपणे त्यातले ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी येतात. याच अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञानाची चिकित्सक समज आणि ‘स्व’ची ओळख हे दोन व्यावसायिक क्षमताविषयक घटक आहेत, आणि पोर्टफोलिओ या दोहोंच्या बरोबर मध्ये बसतो. सेवेतील शिक्षकांपुढे प्रश्न वेगळा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासात भाग घ्यावा अशी अपेक्षा आहे. हे तास दीक्षा या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावरील निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण उपक्रमाच्या अभ्यासक्रमांतून, एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) किंवा डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) यांच्या पर्वरीतील प्रशिक्षणांतून भरतातही. पण त्या ५० तासांनंतर वर्गात काय बदलले, याची नोंद ठेवणारी जागा बहुतेकांकडे नसते.

ती जागा एकच असावी, असे पहिल्यांदा वाटते, आणि तेथेच गफलत होते. या विषयात दीर्घकाळ काम केलेल्या हेलन बॅरेट यांनी पोर्टफोलिओची दोन रूपे सांगितली आहेत: एक शिकण्याच्या प्रक्रियेचे, दुसरे इतरांना दाखवण्याचे. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भाषेत बोलायचे तर एक कोठी आणि एक ओसरी. कोठीत सगळे येते: अर्धवट टाचण (पाठाचा लेखी आराखडा), खाडाखोड केलेली कार्यपत्रिका, मार्गदर्शकांचा तिखट शेरा, रात्री उशिरा चिडून लिहिलेली चार वाक्ये. ओसरीवर आपण निवडून, झाडून-पुसून ठेवलेले तेवढेच दिसते. कोठी फक्त आपली असते. ओसरी पाहुण्यांसाठी असते आणि पाहुणा कोण, म्हणजे परीक्षक, मुख्याध्यापक की मुलाखत घेणारी समिती, यावर तिची मांडणी बदलते. जे थेट ओसरीवरच लिहू लागतात ते पहिल्या दिवसापासून सावध लिहितात, आणि सावध लिहिलेल्या चिंतनातून स्वतःला काहीच कळत नाही.

खाते कोणाचे, हा पहिला प्रश्न

साधन कोणते वापरावे यावर लोक आठवडे घालवतात. वस्तुतः गूगल ड्राइव्हमध्ये कोठी आणि गूगल साइट्सवर ओसरी, एवढी व्यवस्था बहुतेकांना पुरते, कारण साइट्ससाठी संकेतस्थळ बांधण्याचे कोणतेही विशेष ज्ञान लागत नाही आणि ती कोणाला दिसावी हे ठरवता येते. मूळचे न्यूझीलंडचे ‘महारा’ हे मुक्त स्रोत साधन खास पोर्टफोलिओसाठीच बनवलेले आहे. मात्र ते महाविद्यालयाने आपल्या सर्व्हरवर बसवून चालवावे लागते, त्यामुळे संस्थेकडे ते सांभाळणारी व्यक्ती असेल तरच त्याच्या वाटेला जावे. वर्डप्रेस ज्यांना येते त्यांनी जरूर वापरावे. ज्यांना यातले काहीच नको असेल त्यांनी नीट नावे दिलेले फोल्डर आणि शेवटी एक पीडीएफ केली, तरी तो डिजिटल पोर्टफोलिओच आहे.

साधनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न खात्याचा आहे, आणि तो मी ठेच लागून शिकलो. पूर्वी एका संस्थेत असताना तीन वर्षांच्या नोंदी, मुलांच्या कामाचे नमुने आणि ध्वनिमुद्रणे मी संस्थेने दिलेल्या ईमेल खात्यावर ठेवली होती. संस्था सोडली, खाते बंद झाले, आणि ‘काही दिवस तरी चालू राहील’ या समजुतीने मी प्रत काढून घ्यायची ठेवली होती ती राहूनच गेली. दोष त्यांचा म्हणता येणार नाही. खाते त्यांचेच होते. तेव्हापासून छात्राध्यापकांना मी पहिल्याच तासाला सांगतो की पोर्टफोलिओ वैयक्तिक खात्यावर उघडावा, आणि महाविद्यालयाने आपले खाते वापरण्याचा आग्रह धरलाच तर दर सत्राच्या शेवटी ‘गूगल टेकआउट’मधून सगळ्याची प्रत उतरवून घ्यावी.

विनाशुल्क खात्यावर १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिघांत मिळून असते. ही जागा कागदपत्रांनी कधी भरत नाही, व्हिडिओने भरते. फोनवर १०८०पी दर्जाने चित्रण केले तर फोनच्या पद्धतीनुसार एका मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी लागतात. म्हणजे ३० मिनिटांची एक तासिका २ ते ४ जीबी खाते आणि चार-सहा पाठांत खाते तुडुंब होते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन त्याहून कमी दर्जाचे ७२०पी निवडावे, पूर्ण तासिका फोनवर घ्यावी, त्याच संध्याकाळी पाहावी, ज्यात काही घडले आहे अशी तीन ते पाच मिनिटे कापून ठेवावीत आणि उरलेले पुसून टाकावे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागांतल्या अनेक शाळांत रेंजची शाश्वती नसते, त्यामुळे वर्गातून थेट अपलोड करण्याचा विचारच करू नये. आठवड्याचे सगळे फोनमध्ये साठवावे आणि शनिवारी घरी आल्यावर चढवावे.

कोठी भरण्याची शिस्त

फायलींची नावे ‘नवीन१’, ‘पाठ अंतिम’, ‘पाठ अंतिम खरा’ अशी ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख आधी लिहावी, मग इयत्ता, घटक आणि वस्तू: ‘२०२५-०७-१८ चौथी अपूर्णांक कार्यपत्रिका’. संगणक नावांच्या क्रमाने यादी लावतो, त्यामुळे अशा नावांनी सगळा सत्रपट आपोआप काळाच्या ओघात उलगडतो आणि एकाच घटकाचा पहिला व दुसरा पाठ शोधायला वेळ लागत नाही.

वहीचे पान टिपायचे असेल तर गूगल ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमधील स्कॅनची सोय वापरावी. ती कडा सरळ करून थेट पीडीएफ बनवते. फ्लॅश बंद ठेवावा, वही खिडकीजवळ न्यावी आणि फोन पानाला समांतर धरावा. आपल्या पावसाळ्यात दुपारीच वर्गात अंधारून येते, तेव्हा व्हरांड्यात जाऊन टिपलेले पान वर्गातल्या ट्यूबलाइटखालच्या पानापेक्षा स्वच्छ येते. जुन्या कागदी फायलींचेही हेच करावे. श्रावण संपेपर्यंत कपाटातल्या फायलींना बुरशी लागते, उरलेले काम वाळवी करते, हे गोव्यातल्या कोणत्याही शाळेला वेगळे सांगायला नको.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना अधिक. टाचणे आणि चिंतन युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही फोन-संगणकावर ओळखल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, टंकलिखित करावे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर साइटवर चिकटवला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते, आणि शोध घेतला तर त्यातला एकही शब्द सापडत नाही. फोनवरचा मराठी कीबोर्ड किंवा संगणकावरचा इनस्क्रिप्ट वापरला की हा प्रश्न उरत नाही. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका असतील तर त्या बदलत बसण्याऐवजी पीडीएफ करून ठेवाव्यात.

नोंद केव्हा लिहावी? दररोज लिहू, असे ठरवणारे दुसऱ्या आठवड्यात थकतात. माझा अनुभव असा आहे की पाठ संपल्यावर लगेच फोनवर एका मिनिटाचा आवाज मुद्रित करून ठेवावा, कारण मुले नेमके काय बोलली हे संध्याकाळपर्यंत विसरते, आणि आठवड्यातून एकदाच, अर्धा तास काढून, त्यातल्या एका प्रसंगावर नीट लिहावे. सोळा आठवड्यांच्या अशा सोळा नोंदी होतात. त्यातल्या चार-पाच खरोखर चांगल्या निघाल्या तरी पुष्कळ.

एक नोंद जवळून

चांगली नोंद कशी दिसते हे एका उदाहरणावरून पाहू. डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत एका छात्राध्यापिकेने चौथीला अपूर्णांकांची तुलना शिकवली. साधन म्हणून तिने पोदेराकडून (पाववाल्याकडून) दोन उंडे, म्हणजे गोल पाव, आणले, एकाचे तीन आणि दुसऱ्याचे चार भाग केले, मुलांना दाखवले आणि शेवटी कार्यपत्रिका दिली. आठवड्याच्या नोंदीत तिने लिहिले: ‘पाठ उत्तम झाला. शैक्षणिक साधनामुळे मुलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. उद्दिष्टे साध्य झाली.’ सोबत कापलेल्या उंड्यांभोवती जमलेल्या मुलांचे सुरेख छायाचित्र होते.

अशा नोंदीवर शेरा मारून उपयोग नसतो. प्रश्न विचारावा लागतो. कोणाच्या उत्तराने तुला आश्चर्य वाटले, एवढेच मी विचारले. तिने पिशवीतून कार्यपत्रिका काढल्या आणि वाचता वाचता गप्प झाली. १/३ आणि १/४ यांपैकी मोठा कोणता, कारण लिहा, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक मुलांनी १/४ असे उत्तर दिले होते आणि कारण लिहिले होते, ‘४ मोठा आहे म्हणून’. एकाने १/३ हे बरोबर उत्तर दिले होते, पण कारण होते ‘३ आधी येतो’. पुढल्या आठवड्यात तिने तीच नोंद पुन्हा लिहिली. तिच्यातील एक भाग असा होता:

‘मी उंडा कापून दाखवला तेव्हा मुले तुकडे मोजत होती. तीन तुकड्यांपेक्षा चार तुकडे जास्त, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. माझा प्रश्न त्यांना तसाच ऐकू आला असणार. शिवाय मला उंड्याचे तीन सारखे भाग करता आले नाहीत. पुढच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, हो कुडको व्हड” (हा तुकडा मोठा). सगळे हसले, मीही हसले आणि पुढे गेले. आता वाटते, पाठ तेथेच थांबवून त्याला विचारायला हवे होते की कुडको व्हड असेल तर तो १/३ म्हणता येईल का.’

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती चालू असताना होणारे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा जो भेद केला, तो छात्राध्यापकांना व्याख्यानातून समजावताना माझी नेहमी दमछाक होते. या चार ओळींत तो आयता सापडला. मुलाने सारखेपणाचा मुद्दा काढला तो क्षण पहिल्या प्रकारच्या चिंतनाचा होता आणि तो निसटला. तो निसटला हे आठवड्याने कळले, ते दुसऱ्या प्रकारचे.

दुसऱ्या पाठात तिने उंडा बाजूला ठेवला. प्रत्येक मुलाला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या दिल्या, एक तीन भागांत आणि दुसरी चार भागांत त्यांच्याच हातांनी दुमडवली, एकेक भाग कापून एकमेकांशेजारी ठेवायला लावला आणि प्रश्न बदलला: ‘तिघांत वाटले तर एकाला मिळणारा वाटा मोठा, की चौघांत वाटले तर?’ तीन सारख्या घड्या घालणे चौथीच्या मुलांना जड जाते, त्यामुळे तिने पट्टीवर फिकट खुणा आधीच केल्या होत्या. हा बारकावाही तिने नोंदवला. दुसऱ्या कार्यपत्रिकेत बहुतेकांची कारणे बदलली. तिघे तरीही ‘४ मोठा’ यावरच ठाम होते आणि त्यांच्यासाठी पुढे काय करणार, हे तिने दोन ओळींत लिहिले.

पोर्टफोलिओत ही नोंद गेली तेव्हा तिच्यात पहिले टाचण, पहिल्या कार्यपत्रिकेची तीन पाने (एक बरोबर, एक चूक आणि एक बरोबर उत्तर पण चुकीचे कारण), दोन्ही वेळचे चिंतन, पट्ट्यांचे छायाचित्र आणि दुसऱ्या कार्यपत्रिकेची त्याच तीन मुलांची पाने होती. उंड्याचे छायाचित्र तिने काढून टाकावे असे मी सुचवले. तिने ते ठेवले आणि खाली लिहिले, ‘हे साधन आकर्षक होते, पण या घटकासाठी चुकीचे होते.’ तिचाच निर्णय योग्य होता.

लिहायला सुरुवात होत नसेल तर १९७० मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टेरी बॉर्टन यांनी सुचवलेले तीन साधे प्रश्न हाताशी धरावेत: काय घडले, त्याचा अर्थ काय, आता काय करायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांब आणि दुसऱ्याचे त्याहून लांब असावे. बहुतेक नोंदींत पहिले उत्तर दोन ओळींचे असते आणि तिसऱ्यात सगळे संकल्प कोंबलेले असतात.

आजकाल चॅटबॉटकडून लिहून घेतलेले चिंतनही येऊ लागले आहे. ते शुद्ध असते, गुळगुळीत असते, आणि त्यात ‘सहभागात्मक अध्ययन’ असते पण एकही मूल बोलत नाही. नोंद वाचून मी एकच गोष्ट शोधतो: त्या दिवशी त्या वर्गात हजर असलेल्या माणसालाच लिहिता येईल असे एखादे वाक्य तिच्यात आहे का. ‘हो कुडको व्हड’ हे तसे वाक्य आहे.

कागदाला जे जमत नाही

केवळ कागदी फाइल संगणकावर चढवायची तर एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न ज्येष्ठ शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. डिजिटल पोर्टफोलिओचे खरे बळ आवाजात आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी तर व्हिडिओच्या मागे न लागता ध्वनिमुद्रणच करावे. जूनमध्ये, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीनंतर आणि फेब्रुवारीत, त्याच पाच-सहा मुलांचे त्याच पातळीच्या उताऱ्याचे एकेका मिनिटाचे वाचन मुद्रित केले की वर्षभराची प्रगती कानांनी ऐकता येते. एका मिनिटाची ध्वनिफीत एक एमबीच्या आसपास भरते, म्हणजे वर्षभराची सगळी मुद्रणे मिळूनही एका छोट्या व्हिडिओएवढी जागा घेत नाहीत.

पायाभूत वाचन आणि गणितासाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य आहे. मुद्रण हाताशी असले की शब्द मोजता येतात. पण मोजणीपेक्षा अडखळण्याच्या जागा अधिक बोलक्या असतात. आपल्याकडे बरीच मुले घरी कोकणी बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तक वाचतात. कुत्र्याचे चित्र पाहून कोकणीत ‘सुणें’ म्हणणारे मूल ‘कुत्रा’ या शब्दापाशी थांबते तेव्हा त्याला अक्षर अडते आहे की शब्द, हे एकदा ऐकून ठरवता येत नाही. तेच मिनिट तीनदा ऐकले की ठरवता येते. एखाद्या शिक्षिकेने वर्षभर अशा शब्दांची यादी ठेवली, उदक आणि पाणी, पेर आणि पेरू, आणि कोणते शब्द आधी बोलण्यात आणून मग वाचायला दिले हे नोंदवले, तर तिचा तो एक विभाग चार प्रशिक्षणांच्या प्रमाणपत्रांना भारी ठरतो.

मुद्रणासाठी फोन मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, कापडावर ठेवावा. पंखा बंद करावा. पत्र्याच्या छपराखाली जुलैत मुद्रण करण्याचा प्रयत्न करू नये. पावसाशिवाय काही ऐकू येत नाही.

मुलांची ओळख

यात हयगय नको. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि बालकाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षितो. कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी, मुलाची चुकलेली वही जगाला दाखवण्याचा अधिकार आपल्याला आपोआप मिळत नाही. म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती, दोन्ही घ्याव्यात. संमतीपत्र सोप्या मराठीत, एका पानाचे असावे, आणि पालक-शिक्षक संघाच्या सभेत तोंडी समजावून द्यावे: काय टिपणार, कोठे ठेवणार, कोण पाहणार, केव्हा पुसणार. ‘शैक्षणिक कारणासाठी’ एवढ्या मोघम शब्दावर सही घेऊ नये. एखाद्या पालकाने नकार दिला तर त्या मुलाला वेगळे बसवण्याचा प्रसंग येऊ नये यासाठी फोन वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवावा. मुलांच्या पाठी दिसतात, फळा आणि शिक्षक समोरून दिसतात, आणि पाठाच्या अभ्यासासाठी तेवढे पुरते.

वहीच्या पानावरचे नाव स्कॅन करण्यापूर्वी कागदाच्या चिठ्ठीने झाकावे. नंतर संगणकावर काळी पट्टी ओढण्यापेक्षा हे खात्रीचे. छायाचित्रात फोन स्थान नोंदवत असतो, ती सोय कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करावी. गोव्यातल्या लहान गावांत आणखी एक अडचण असते. वाड्याचे नाव, इयत्ता आणि ‘वडील बोटीवर आहेत’ एवढे लिहिले की मूल कोण ते सगळ्या गावाला कळते, नाव झाकलेले असो वा नसो. म्हणून नोंदीत घरची हकिकत तेवढीच लिहावी जेवढी त्या शिकण्याशी थेट जोडलेली आहे, आणि शाळेचे नाव ओसरीवर येऊ देऊ नये. साइटची दृश्यता ‘लिंक असलेले कोणीही’ अशी न ठेवता निवडक ईमेलपुरती ठेवावी.

ओसरीवर काय मांडावे

निवडीला सत्राच्या शेवटी एक पूर्ण दिवस द्यावा. कोठीत ५० गोष्टी असतील तर ओसरीवर सहा-सात पुरतात. निवडताना रंगीत गोष्टी पुढे पुढे करतात. चवथीच्या आधी बहुतेक शाळांत माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या फळाफुलांच्या सजावटीवर, उपक्रम होतो, आणि फळाफुलांची छायाचित्रे इतकी देखणी येतात की ती टाळवत नाहीत. पण त्यातून मुलांनी काय शिकले हे दाखवणारे पान, म्हणजे एखाद्या मुलाने आजीला विचारून लिहिलेली रानवनस्पतींची यादी आणि त्यावर शिक्षकाने वर्गात विचारलेले प्रश्न, नसेल तर तो उत्सवाचा अल्बम होतो. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर दोन ओळींचा मथळा द्यावा: हे काय आहे आणि मी ते का निवडले. वाचणारा तेवढेच वाचून पुढे जाण्याची शक्यता असते.

स्वतःचे शैक्षणिक तत्त्वज्ञान बहुतेकजण आधी लिहितात आणि मग त्याला शोभणारे पुरावे शोधतात. क्रम उलटा करावा. सहा नोंदी निवडून झाल्यावर त्यांत पुन्हा पुन्हा काय दिसते ते पाहावे आणि त्यावरून अर्धे पान लिहावे. प्रमाणपत्रे एका पानावर यादीच्या रूपात द्यावीत. सेवेतील शिक्षकांनी त्या यादीत तारीख आणि तास यांच्यापुढे एक रकाना वाढवावा: या प्रशिक्षणातले वर्गात काय वापरले. काही ओळींपुढे तो रकाना रिकामा राहील. राहू द्यावा; पुढचे प्रशिक्षण निवडताना तोच रिकामा रकाना उपयोगी पडतो.

एकशिक्षकी किंवा बहुवर्ग शाळेतील शिक्षकांनी आपली वेळापत्रके जरूर मांडावीत. पहिली ते चौथी एकाच खोलीत शिकवताना दुसरीला स्वयंअध्ययन देऊन चौथीकडे वळणे, हे कौशल्य कोणत्याही पाठ्यक्रमात नीट लिहिलेले नाही आणि पणजीतील आल्तिनोवरच्या निर्मला इन्स्टिट्यूटपासून फोंड्याजवळील फर्मागुडीच्या दादा वैद्य अध्यापक महाविद्यालयापर्यंत कोठल्याही नव्या छात्राध्यापकाला ते पाहायला आवडेल.

तपासणाऱ्यांसाठी थोडेसे

पोर्टफोलिओ कसा होतो हे बरेचसे तो कसा तपासला जातो यावर ठरते. रंगसंगती आणि पानांची संख्या यांना गुण दिले की रंग आणि पाने वाढतात, आणि असे गुण सर्रास दिले जाताना मी पाहिले आहे. इंटर्नशिपच्या पहिल्या टप्प्यानंतर एकदा आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर एकदा, अशी दोनदा कोठी पाहावी, तिला गुण देऊ नयेत, केवळ प्रश्न लिहावेत. टिप्पणीची सोय गूगल डॉक्समध्ये आहेच. छात्राध्यापकाने प्रश्नाला उत्तर लिहिले की तो संवादच पोर्टफोलिओचा भाग होतो. अंतिम गुण ओसरीला द्यावेत, आणि निकष तीनच ठेवावेत: मुलांच्या कामाचा पुरावा, त्या पुराव्याचे वाचन आणि त्यानंतर केलेला बदल.

तोंडी परीक्षेत छात्राध्यापकाला साइट उघडायला सांगून परीक्षकाने एक नोंद निवडावी आणि दहा मिनिटे तिच्यावरच बोलावे. दुसऱ्याकडून उचललेली नोंद तिसऱ्या प्रश्नाला गळते. वर्गमित्रांनी एकमेकांच्या नोंदी वाचण्याचा तासही ठेवावा, मात्र त्यात चुका काढू नयेत. ‘येथे मला मूल दिसले’ आणि ‘येथे दिसले नाही’ अशा दोनच खुणा करायला सांगाव्यात.

सादर करण्याच्या आदल्या दिवशी दोन कामे करावीत. साइटची लिंक स्वतःच्या फोनवर न उघडता दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, वेगळ्या खात्यातून उघडून पाहावी. साइट दिसते पण आतल्या ड्राइव्हच्या फायलींपाशी ‘परवानगी हवी’ अशी पाटी येते, हा प्रकार दरवर्षी निम्म्या वर्गाच्या बाबतीत घडतो, कारण साइटची परवानगी आणि तिच्यात बसवलेल्या फाइलची परवानगी वेगवेगळी द्यावी लागते. आणि संपूर्ण पोर्टफोलिओची एक पीडीएफ, ध्वनिफितींच्या फोल्डरसह, पेन ड्राइव्हवर घ्यावी. परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयाचे वायफाय चालेलच असे नाही, आणि जूनमध्ये वीजही.